टेक्लाच्या पायाचं माप

या व्यवहारात सिमियन बारतिलोलचा फायदा काय होणार होता, ते आधी मांडून ठेवू. एक पिकअप गाडी, जुनी का होईना. पाठीवर ‘कोच’ लिहिलेलं निळं जाकीट. नैरोबीहून येणाऱ्या माणसांच्या टेबलाशी एक खुर्ची, आणि तिच्यात रेलून ‘आमची टेक्ला’ म्हणायची सोय. जमेला एवढं. खर्चाला बायकोचे दोन पाय. ते काही त्याचे नव्हते, त्यामुळे सौदा त्याला फारच स्वस्त वाटला.

टेक्ला जेबिवॉट धावायची. केनियातल्या इटेन गावच्या लाल रस्त्यांवर सकाळी कुत्र्यांपेक्षा धावणारी माणसं जास्त दिसतात, तेव्हा त्यात विशेष काही नाही. पण टेक्ला समोरून गेली की टपरीवरची माणसं चहाचा कप खाली ठेवायची, हे विशेष. पाय मात्र तिचे दाखवण्यासारखे नव्हते. चवडा बदकासारखा पसरट. कमान अशी, की भार पडला की खाली बसायची. आणि उजवा पाय डाव्यापेक्षा नखभर लांब. असल्या पायाला बूट मिळत नाही, हुडकावा लागतो.

हुडकणं तिला येत होतं. बाजारात ताडपत्रीवर परदेशातून आलेल्या वापरलेल्या बुटांचे ढीग पडतात. टेक्ला तिथं सकाळची कधी जायची नाही. सकाळचा पाय खोटं बोलतो. धावून आल्यावर, दुपारी, थोडा सुजलेला असला की तो खरं सांगतो. धावताना घालायचे तेच मोजे चढवून जायची. बूट आधी सपाट फळीवर ठेवून मागून वाकून बघायची. एका अंगाला कललेला दिसला, की आधीच्या मालकाची चाल त्यात मुरलेली, तो परत ढिगात. मग दोन्ही पायांत घालून उभी राहायची आणि लांब पायाच्या लांब बोटापुढे अंगठाभर जागा उरते का, ते दाबून बघायची. टाच धरलेली हवी, बोटं सुटी हवीत. शेवटी पिठाच्या गिरणीपर्यंत पळून यायची.

“अगं ए, बूट घेतेयस की पळवतेयस?” विकणारी बाई मागून ओरडायची.

“माझी चप्पल ठेवलीय की तुझ्यापाशी!”

“त्या चपलेला कोण विचारतंय? ती तुझ्याच पायाला होते!”

असे पारखून घेतलेले बूट झिजायच्या आत ती बदलायची, आणि बदलून आणलेलेही असेच पारखलेले असायचे. बरोबरीच्या पोरींचे गुडघे गेले, नडग्या गेल्या, घोटे गेले. टेक्ला पाय दुखतो म्हणून एक दिवस घरी बसली नाही.

सिमियनही एकेकाळी धावायचा. म्हणजे मोठ्या शर्यतीत दुसऱ्यांसाठी पहिले काही मैल वेग बांधून द्यायचा आणि मग बाजूला व्हायचा. लग्नानंतर तो संसारातूनही तसाच बाजूला झाला. बायको धावते, हा घड्याळ धरून उभा. तेवढ्यावर तो स्वतःला कोच म्हणवून घेई, आणि जग म्हणत नाही याचा राग घरी काढी.

त्या वर्षी ओमोन्डी नावाचा गृहस्थ नैरोबीहून आला. त्याच्या कंपनीला नव्या बुटांसाठी धावणाऱ्या बायका हव्या होत्या. एल्डोरेट शहरातल्या शर्यतीत त्यांचे बूट घालून पहिल्या तिघींत येणारीला वर्षभराचा करार. ओमोन्डीनं सिमियनला सरळ विचारलं, “बाईंचं माप काय?”

सिमियन म्हणाला, “सहा.”

हे सहा आले कुठून? चर्चमधल्या लग्नासाठी त्यानंच तिला पांढरे बूट आणले होते, ते सहाचे होते. लग्नाच्या दिवशी टेक्ला सारखी गवतावर बसत होती आणि घरी आल्यावर तिचे मोजे रक्तानं चिकटले होते. पण फोटोत ती हसतेय, आणि सिमियनच्या लेखी फोटो म्हणजे पुरावा.

बूट आले. पोपटासारखे हिरवे, तळ पावासारखा फुगलेला, आत कडक पट्टी. टेक्लानं पाय घातला, म्हणजे कोंबला.

“लहान आहेत,” ती म्हणाली.

“नवे आहेत. सैल होतील.”

“लांबीला कुठं सैल होतात? बोटं बघ, एकावर एक बसलीयत. आणि तळ इतका उंच, माझा पाय आतल्या बाजूला घसरतोय. मला साडेसात लागतात, आणि रुंद. त्यांना फोन कर, बदलून मिळतील.”

“मी त्यांना सहा सांगितलंय.”

“मग आता साडेसात सांग.”

“आणि त्यांनी काय म्हणायचं? बायकोच्या पायाचं माप माहीत नाही, असला हा कोच?”

“माहीत नाहीच ना तुला,” टेक्ला म्हणाली. ती हसून म्हणाली, तेच चुकलं.

मूठ गालावर बसली. ती चुलीच्या दगडांवर पडली आणि हात भाजून उठली, तोवर सिमियन दाराबाहेर होता. तिचे निळे बूट, मागच्याच महिन्यात गिरणीपर्यंत पळून आणलेले, त्यानं लाकडं फोडायच्या ओंडक्यावर मांडले. कोयता उचलला. रबर लाकडासारखं तुटत नाही, कोयता त्यात रुततो आणि उपसावा लागतो. पंधरा-वीस घाव त्यानं घातले, घामाघूम झाला. तुकडे चुलीत टाकले. टेक्ला आडवी गेली तेव्हा कोयत्याच्या मुठीनं तिच्या बरगडीत हाणलं.

“पायातली वहाण पायात राहावी,” तो धापा टाकत म्हणाला. “दुसरे आणलेस तर तेही जाळीन. शर्यतीपर्यंत हेच घालायचे.”

त्या दिवशी मक्याच्या पिठाच्या उगालीला जळक्या रबराचा वास होता. सिमियननं दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी मोटारसायकलवर बायकांच्या मागून यायला लागला, टेक्लाच्या पायात हिरवा रंग दिसतोय ना ते बघायला. चौदा जणी पहाटे चौकात जमायच्या. म्होरकी मोनिका चेसांग. तीन लेकरांची आई, छत्तिशीची, दंड असे की पोरी तिला लांबूनच ‘ताई’ म्हणत. तिचं हे शेवटचं वर्ष होतं. एल्डोरेटला पहिल्या तिघींत आली तर परदेशातली एक मोठी शर्यत, त्यावर घराचं छप्पर आणि मग धावणं बंद, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

टेक्लाची नखं पहिल्या आठवड्यात काळी झाली. दुसऱ्या आठवड्यात दोन गळून पडली. पण नखांचं दुःख वरवरचं. खरं दुखणं करंगळीमागच्या हाडात बसलं. बोटं पसरायला जागा नाही, म्हणून ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडायला लागली, आणि प्रत्येक पावलाला तिथं कुणी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. मोटारसायकल न पोचणाऱ्या ओढ्यापाशी ती बूट काढून पाय पाण्यात सोडून बसली. पाणी लाल झालं, ते मोनिकानं पाहिलं.

“दाखव,” मोनिका म्हणाली.

“काही नाही गं, ताई.”

“दाखव म्हणतेय ना.” मोनिकानं पाय मांडीवर घेतला आणि हाडावर अंगठा दाबला. टेक्ला किंचाळली. मोनिकानं मग तिचा सदरा वर केला आणि बरगडीवरचा निळा डाग पाहिला. “हे पण बुटानंच का?”

 एक पोरगी हळूच म्हणाली, “आमच्या आजीच्या वेळी असल्या नवऱ्याला सगळ्या मिळून झोडायच्या.”

“अजून झोडता येतं,” मोनिका म्हणाली. “आजी मेली, काठ्या मेल्या नाहीत.”

“नको,” टेक्लानं तिचा हात धरला. “शर्यत होऊ दे. करार माझ्या नावावर होईल, मग माझे बूट मी निवडीन. आत्ता काही केलंत तर तो मला धावूच द्यायचा नाही.”

 मोनिकानं कमरेच्या पिशवीतून दाढीचं पातं काढलं. “नवरा बदलायचा नाही, बूट बदलायचा नाही. मग काप तरी.”

दोघींनी बसून कापला. करंगळीच्या बाजूला दोन्ही बुटांना उभी चीर, आतला मऊ तळ उपटून टाकलेला. लांबून कळायचं नाही. पाय आत पसरला तेव्हा टेक्लाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवशी चढावर ती मोनिकाच्या बरोबरीनं वर गेली. हाड दुखत होतं, पण खिळा थोडा सैल झाला होता. शर्यत शनिवारी. तेवढे दिवस हा पाय निघेल, असं तिला वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी सिमियन शीळ घालत घरी आला. ओमोन्डीचा फोन आला होता. उद्या एल्डोरेटला या, बाईंचा आणि बुटांचा फोटो काढू. सिमियननं ओलं फडकं घेतलं आणि अंगणात बसून हिरवे बूट पुसायला लागला. लेकराचं नाक पुसावं इतक्या मायेनं पुसत होता. मग बोट चिरेत गेलं.

टेक्ला बाजूलाच मका कांडत होती. तिनं त्याचं तोंड पाहिलं आणि मुसळ खाली टाकून दाराकडे निघाली. त्यानं पाठीत लाथ घातली. ती पडली, तशी तो बुटानंच तिला मारू लागला, तोंडावर, कानावर, त्या फुगलेल्या तळानं. तळ मऊ, मारानं त्याचं समाधान होईना. मग त्याला मुसळ दिसलं.

मार खाणारी बाई तोंड झाकते, पोट झाकते. पाय झाकायचे असतात, हे कुणी शिकवत नाही. टेक्ला गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि उजवं पाऊल बाहेर राहिलं होतं.

“सहाचा पाय!” तो ओरडत होता. “सहाचा! सहाचा!” आणि तिसऱ्या घावाला ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला.

हिशेबी माणूस डोक्यात राख घालून घेतो तेव्हा आधी स्वतःचंच भांडवल फोडतो. मुसळ हातातच राहिलं. सिमियननं पायाकडे पाहिलं. पाऊल वाकडं झालं होतं, करंगळीच्या मागून हाडाचं टोक कातडीला आतून ढोसत होतं.

“हलवून बघ,” तो म्हणाला.

टेक्लानं दोन्ही हातांनी पोटरी घट्ट धरली.

“सूज असेल. उतरेल सकाळपर्यंत,” तो म्हणाला, आणि तिला तशीच ठेवून आत जेवायला गेला.

शुक्रवारी बायकांना फक्त सावकाश धावून पाय मोकळे करायचे होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी पाय पैशासारखे जपायचे असतात. टेक्ला चौकात आली नाही. शेजारचा केनेडी मोटारसायकलवर भाड्यानं माणसं न्यायचा. तो चौकात थांबून म्हणाला, “मोनिकाताई, काल भिंतीपलीकडून बाई ओरडत होती. मी दार वाजवलं, तर तो म्हणाला तुझंही डोकं फोडीन. जाऊन बघा एकदा.”

टेक्ला खाटेवर होती, पायाला जुनं पोतं गुंडाळून. मोनिका आत आली, पोतं उचललं, परत ठेवलं.  सिमियन दारात उभा होता, इस्त्रीची पँट, टोकदार काळे बूट. एल्डोरेटला निघालेला. बायको नाही तर नाही, निदान बोलणी तरी करू, असा त्याचा बेत.

“पडली,” तो म्हणाला. “ओट्यावरून.”

“मुसळासकट पडली का रे?” अंगणात पडलेल्या मुसळाकडे बोट करत मोनिका म्हणाली.

“हे बघ मोनिका, नवरा-बायकोचं आहे. पायातली वहाण—”

“वहाण चावायला लागली की लंगडतं कोण? चल, बाहेर ये. आत नको, टेक्लाचं घर आहे हे.”

बाहेर बायका जमल्या होत्या. चौदातल्या तेरा, आणि आवाज ऐकून आलेल्या शेजारणी. कुणाच्या हातात कुदळीचा दांडा, कुणाकडे उगाली घोटायचा लाकडी डाव, कुणी कुंपणातली खाजकुयरीसारखी झोंबणारी झुडपं फडक्यात धरून उपटलेली. इथल्या बायकांचा हा जुना हक्क आहे. नवऱ्यानं हद्द ओलांडली की त्या त्याला मिळून झोडतात, आणि कुणा पुरुषानं मध्ये पडायचं नाही. पडला तर त्यालाही तोच प्रसाद. मात्र घरात शिरून मारायचं नाही, हीही रीत. सिमियननं दाराला कडी लावून घेतली असती, तर बायकांनी दुपारपर्यंत अंगणात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि शर्यत आहे म्हणून घरी गेल्या असत्या. हे त्यालाही माहीत होतं. पण धावणाऱ्यांच्या गावातला माणूस तो. भ्यायला की त्याला दुसरं काही सुचतच नाही.

तो धावला. कुंपण ओलांडून रस्त्याला लागला आणि चढाच्या दिशेनं सुटला.

दोन पोरी झेपावल्या. मोनिकानं हात आडवा घातला.

“ताई, उद्या शर्यत आहे,” मागून एक म्हणाली.  धावलं तर पाय संपणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मोनिका खाली वाकून लेस बांधत होती. “माहीत आहे,” ती म्हणाली. “ज्यांना परत जायचं त्यांनी जा. मी कुणाला नावं ठेवणार नाही.”

कुणी गेलं नाही.

“मग घाई करू नका. तो आधी सुटणार. सुटू दे. हा पहिल्या चार मैलांचाच गडी आहे.”

केनेडीनं टेक्लाला उचलून मोटारसायकलवर बसवलं, पाय पोत्यासकट टाकीवर. जिचं नुकसान तिनं बघितलंच पाहिजे, असं म्हाताऱ्या शेजारणी म्हणाल्या.

“भाडं?” टेक्लानं दात आवळून विचारलं.

“वेडी का काय, ताई? हे बघायला लोक तिकीट काढतील!”

सिमियन खरंच चांगला धावत होता. पाठ ताठ, कोपर आत. अजून वेग बांधून देत असल्यासारखा. अंगावरचं जाकीट त्यानं पहिल्या वळणावर टाकलं. बायका मागं होत्या, दोन-दोनच्या ओळीत, काठ्या खाली धरून, श्वाससुद्धा ऐकू येऊ न देता. टपरीतून माणसं बाहेर आली.

“काय सिमियन, आज कुणासाठी वेग बांधतोयस?”

“पाणी देऊ का?”

“हात लावू नका रे,” एका म्हाताऱ्यानं तरण्यांना मागं ओढलं. “बायकांचं काम आहे. मध्ये गेलात तर तुमचीही पाठ सोलतील.”

सिमियन टपरीत शिरायला वळला, तशा दोघी पुढं होऊन आडव्या झाल्या. तो मक्यात शिरायला गेला, तिकडून दोघी. पुन्हा रस्ता. चौथ्या मैलाला त्याचे खांदे वर आले. टोकदार बुटांनी टाचा सोलल्या, त्यानं ते भिरकावले आणि अनवाणी धावू लागला. खडी होती. मागं वळून बघितलं तर मोनिका तिथंच होती, तेवढ्याच अंतरावर. आता तिनं वेग थोडा वाढवला.

चर्चपलीकडच्या खाणीच्या खड्ड्यापाशी त्याचा पाय मुरगळला आणि तो तोंडावर आपटला. उठायच्या आत कुदळीचा दांडा पाठीवर बसला. मग सगळ्याच. झुडपाचे फटकारे मानेवर, कानांवर, उघड्या पोटावर. कातडीवर फोड उठत गेले. त्यानं हात वर केला तर डाव त्या हातावर बसला आणि एक बोट भलतीकडेच वाकलं. एका पोरीनं, जिचा नवराही हाताचा सुटा होता, जरा जास्तच मारलं. तिला दोघींनी धरून बाजूला घेतलं. सिमियनच्या तोंडातून रक्त आणि माती एकत्र येत होती.

“थांबा,” मोनिका म्हणाली. दांडा तिनं टेक्लाकडे दिला. “बाकीचा तुझा.”

केनेडीनं टेक्लाला खांद्याचा आधार देऊन उभं केलं. एका पायावर.

“टेक्ला,” सिमियन म्हणाला, “सांग यांना. तुझ्याच भल्यासाठी केलं सगळं.”

“माझ्या पायाचं माप काय?” टेक्लानं विचारलं.

 सवयीनं म्हणा की अहंकारानं, त्याच्या तोंडून निघालं, “सहा.”

दांडा जबड्यावर बसला. खड्ड्यात एक दात पडला, पांढरा, स्वच्छ.

“माप काय?”

“सात! सात!”

दुसरा घाव खांद्यावर.

“साडेसात! टेक्ला, साडेसात, तू सांगितलं होतंस!”

“दोन्ही पाय?”

सिमियनला काही कळेना. दोन्ही पाय म्हणजे काय, एका बाईला दोन मापं असतात का? त्यानं बायकांच्या तोंडांकडे पाहिलं, कुणी सांगेल म्हणून. सगळ्यांना माहीत होतं. बाजारातल्या बूट विकणारीलाही माहीत होतं. टेक्लानं दांडा उचलला, उजवीकडून फिरवला, आणि आणखी एक दात गेला. मग तिनं दांडा टाकला. मारून दमली म्हणून नव्हे, एका पायावर उभं राहवेना म्हणून.

“तुझ्या वस्तू घेऊन तुझ्या भावाकडे जा,” ती म्हणाली. “खाली खोऱ्यात. परत वर येऊ नकोस.”

मागून येऊन पोचलेल्या म्हाताऱ्या बायकांनी रीतीप्रमाणे दंडाचा बैल मागितला. सिमियननं होकाराची मान हलवली. तोंड उघडता येत नव्हतं.

मग परत फिरायला हवं होतं. येताना कुणाला कळलं नव्हतं, जाताना कळलं. पोरींच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. मोनिका रस्त्याच्या कडेला बसली आणि मांड्यांवर मुठी मारत राहिली.

“गाडीवर बस, ताई,” टेक्ला म्हणाली.

“तू बस. दवाखान्यात जा आधी.” मोनिका हसली. “पाय मोकळे करायचे होते ना आज? झाले मोकळे.”

शनिवारी टेक्ला एल्डोरेटच्या रस्त्याकडेला बसली होती, पायाला प्लास्टर, बाजूला केनेडी. बायकांची शर्यत गेली. पुढच्या घोळक्यात त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. बरंच मागून मोनिका आली, तोंड राखेसारखं, हातांना झुडपाचे फोड. ती थांबली नाही. थांबणारी नव्हतीच ती. पण तिच्या पायांत काही उरलं नाही, हे लांबून दिसत होतं. तिच्यापुढं अठरा जणी होत्या.

ओमोन्डी माणसांतून वाट काढत आला. गळ्यात कंपनीचा पट्टा, हातात पाण्याची बाटली.

“बाई, हे काय झालं? तुमचे मालक काल आले नाहीत. आणि नमुन्याचे बूट?”

“कापले,” टेक्ला म्हणाली. “लहान होते.”

“लहान? मालकांनीच सहा सांगितलं होतं.”

“मला साडेसात लागतात. रुंद.”

ओमोन्डीचं तोंड उतरलं. त्यानं मागं उभ्या असलेल्या कंपनीच्या गाडीकडे बोट केलं. मागचं दार उघडं होतं, आत खोकी छतापर्यंत रचलेली. “बाई, पाचपासून नऊपर्यंत सगळी मापं आहेत तिथं. रुंद वेगळे, अरुंद वेगळे. दोन महिने गाडी इटेनमध्येच होती. एक फोन केला असता...”

टेक्ला खोक्यांकडे बघत राहिली. केनेडीनं शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही.

“तुम्ही बऱ्या झाल्या की या,” ओमोन्डी म्हणाला. “करार आता गेला, पण बूट देईन. पाय मोजून.”

“मोजायला मी येईन,” टेक्ला म्हणाली. “दुपारची येईन.”

करार दुसऱ्या गावच्या एका पोरीला मिळाला. तिच्या नवऱ्यानं त्यावर पिकअप घेतली, आणि ऐकतो की तोही आता स्वतःला कोच म्हणवतो.

तर हिशेब असा. सिमियन बारतिलोलनं दोन दात भरले, एक बैल भरला, आणि एक बोट त्याचं अजून सरळ होत नाही. बैल बायकांनी एका दुपारीत खाल्ला. ओमोन्डीच्या कंपनीचा एक जोड बुडाला, तो त्यांनी नमुन्यांत धरला. टेक्लाचं हाड जुळलं, पण तिचं ते वर्ष गेलं. बाकीच्या तेरा जणींनी आपापली शर्यत भरली, त्यातल्या बारा जणींना पुढच्या साली दुसरी मिळेल. मोनिका चेसांगचं हे शेवटचं वर्ष, तिला मिळायची नाही. या सगळ्यात तिला कुणी एक बोटही लावलं नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त तिनंच भरलं.